रसिकभाईंची कॅसेट

बडोद्याच्या रावपुऱ्यातली निम्मी पोरं मी कॉलेजात घातली. म्हणजे त्यांच्या मार्कशीटच्या झेरॉक्स मी काढल्या. स्वतः मी नववीतून बाहेर पडलेला. मशीनपाशी वीस वर्षं उभं राहिलं की कागदांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. त्यातले हे आमच्या मेघाचे.

मेघा माझी पुतणी. ज्यांची वाचा अडते त्यांना बोलतं कसं करायचं, हे शिकून ती बी.एस्सी. झाली. आता त्यातलंच एम.एस्सी. करायचं होतं, तेही पार दक्षिणेत. जागा मूठभर. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, बाजव्याला रिफायनरीत. फॉर्म उलटसुलट करून म्हणाले, "बोलायला शिकवायचं? आपल्या घरात गप्प कोण बसतं?"

मेघाने सहीच्या जागेवर बोट ठेवलं ते हलवलंच नाही. आमटी गार झाली तेव्हा सही झाली.

*

फतेगंजातल्या तिच्या सरांनी शिफारसपत्र दिलं, बंद लिफाफ्यात. मी ते ट्यूबलाइटपुढे धरलं नि हळहळलो, "मुलगी भांडकुदळ आहे असं लिहिलंय गं." दिसलं काहीच नव्हतं. दिसलं असतं तरी इंग्रजी होतं!

पोरगी सायकल काढून थेट सरांकडे. त्यांनी लिफाफा फोडून दाखवला. आत दोनच ओळी, त्याही सगळ्यांना देतात त्याच. मेघा तिथेच बसून राहिली. संध्याकाळी आली ती भरगच्च पान लिहून घेऊन.

"थँक यू, काका," म्हणाली. इतकी वाया गेलेली मस्करी मी दुसरी केली नाही.

*

शेजारचे रसिकभाई पूजेचं सामान विकतात. देवमाणूस. लकवा मारला, वाचा गेली आणि तोंडात उरला एकच शब्द, अस्सल शिवी! मी रोज सकाळी मुद्दाम "जय श्रीकृष्ण" करायचो नि प्रसाद घ्यायचो.

मेघा म्हणाली, शिवी आपोआप निघते, तसे पाठ असलेले आकडेही निघतील. मग रोज संध्याकाळी माझ्याच दुकानात एक ते दहा. बारा दिवस शिवीच निघाली. तेराव्या दिवशी "त्रण" निघालं, गुजरातीतलं तीन. पावसाळा सरेपर्यंत रसिकभाई दोन-दोन शब्द जोडायला लागले.

*

अर्जासोबत पेशंटची टेप पाठवायची होती. त्याने आपलं आपण बोललेलं एक अख्खं वाक्य हवं. शेवटचा दिवस, पोस्ट पाचला बंद. चार वाजता रसिकभाई माझ्या स्टुलावर बसले, मेघाने बटण दाबलं नि आज काय खाल्लं ते विचारलं, "आजे शुं खाधुं?"

रसिकभाई "खि..." म्हणाले, मी "खिचडी" म्हणून मोकळा झालो. बाद. टेप मागे. दुसऱ्या खेपेला त्यांनी "कढी" म्हटलं नि थांबले, मी भात वाढला. तेही बाद. देवाशपथ, यात मस्करी नव्हती. माणूस अडलेला मला बघवत नाही.

मेघा रागावली नाही. घड्याळाकडे बघून तिने पुन्हा बटण दाबलं. साडेचार.

मी म्हटलं, "रसिकभाई, पोरीची ॲडमिशन तुमच्या हातात आहे. आता तरी बोला."

रसिकभाईंनी धडधाकट हात उचलला, बोट माझ्यावर रोखलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. टेप फिरत होती.

"तुं... चूप रहे... तो हुं बोलुं."