तिसऱ्या राउंडचा उजवा हात

आमच्या जावयानं फ्लेक्स छापून आणला आणि माझं डोकं फिरलं.

जावई पुण्याचा, व्हाइटफील्डला कॉम्प्युटरचं काम करतो. राजाजीनगरच्या आमच्या समाजाच्या हॉलमध्ये अण्णांचा सत्कार ठरला होता, आणि छपाईचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं. अण्णा म्हणजे इथल्या मराठी लोकांत झालेला सगळ्यात मोठा बॉक्सर. फ्लेक्सवर त्यांचा तरुणपणचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘एकही लढत न हरलेला वीर.’

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“बाबा, सत्कार आहे. शेवटी शेवटी हरले म्हणतात, पण ते कशाला लिहायचं? माणसाची लेगसी बघायची.”

“ते कधी हरलेच नाहीत, तर मी कोण?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. आतून बायको म्हणाली, “आता बसा ऐकत. मला तर लग्न ठरायच्या आधीच ऐकवलं होतं.”

तर सांगतो. अण्णांना मी हरवलंय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड, मराठी जी येते ती घरातली. वडिलांचं ब्लाउजपीस आणि अस्तरांचं दुकान होतं, तेच मी चालवलं. आयुष्यात काय केलं म्हणून कुणी विचारलं तर दाखवायला ही एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि तीसुद्धा लोक मला धड घेऊ देत नाहीत. “तेव्हा अण्णा संपले होते रे,” म्हणतात. अस्तर मापता मापता ह्यावरून मी गिऱ्हाइकं तोडली आहेत.

पण संपले म्हणजे कधी? आदल्याच साली त्यांनी मिल्ट्रीतल्या एका धिप्पाड गड्याला पहिल्या राउंडला झोपवलं होतं. तेव्हा संपले नव्हते. मग काय, मध्ये एक उन्हाळा गेला आणि संपले? ज्यांनी त्यांना भरात बघितलं ते आजही त्यांचं नाव निघालं की आदरानं कानाला हात लावतात. ज्यांनी फक्त शेवटची वर्षं बघितली ते कन्नडात “पाप” म्हणतात, म्हणजे बिचारा. माणूस तोच. मला ह्याचं नवल वाटतं.

कारण माझ्यानंतरही अण्णा खेळत राहिले आणि हरत राहिले. माझ्यापेक्षा कच्च्या पोरांनी त्यांना हरवलं. ते एकेकदा हरले की माझं जिंकणं थोडं थोडं स्वस्त होत गेलं. मी खुर्चीत बसून दात खायचो, हा माणूस थांबत का नाही?

आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. मल्लेश्वरमला आमचा पत्र्याचा बॉक्सिंग हॉल होता. तिथला रिवाज असा, की हरलेल्याच्या ग्लोव्जची नाडी जिंकलेल्यानं सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. समोर उभं राहून, मान खाली घालून ओली गाठ सोडवताना दोघांचाही राग उतरतो, असं आम्हाला शिकवणारे उस्ताद म्हणायचे. त्या दिवशी मी अण्णांचा डावा ग्लोव्ज सहज काढला. उजवा निघेना. आत हात सुजून टम्म झाला होता. मी ओढला तेव्हा अण्णा पत्र्याकडे बघत होते, तोंडातून आवाज नाही. आणि मग मला आठवलं, तिसऱ्या राउंडला त्यांचा उजवा आलाच नव्हता. लोक म्हणाले, दम संपला. मी ते तसंच चालू दिलं.

तो हात रिंगमध्ये यायच्या आधीच मोडलेला होता, की माझ्यावर मोडला? आधीच मोडलेला असेल तर मी लुळ्या हाताच्या माणसाला हरवलं. माझ्यावर मोडला असेल तर गोष्ट वेगळी. हे कधी विचारलं नाही. विचारायला गेलो आणि उत्तर वाईट आलं, तर काय करायचं?

पण आता फ्लेक्सनं मला पुरतं पुसून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑटो करून मल्लेश्वरमला अण्णांच्या घरी गेलो. अण्णा व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते.

“ये रे. बायकोनं हाकललं काय?”

“एक विचारायचंय, अण्णा. तुमचा उजवा हात.”

“हा आहे की इथेच.”

“तो आधीच मोडला होता का? माझ्या मॅचच्या आधी?”

अण्णांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. “इतकी वर्षं हे पोटात घेऊन फिरतोस? स्वल्प आधी विचारायचं होतंस.”

“आता विचारतोय ना.”

“सत्काराला ये. तिथे सांगतो.”

“बरं, मग एवढं तरी सांगा. त्यानंतर खेळत का राहिलात? एवढं हरून?”

त्यांनी आणखी एक शेंग फोडली. “पहाटे जाग यायची. उठून दुसरं काय करायचं, ते मला येत नव्हतं.” मग म्हणाले, “आणि दर वेळी वाटायचं, आज येईल तो पंच. आला नाही म्हणून काय झालं? येईल असं वाटायचं की नाही?”

मी दाणे खाल्ले आणि परत आलो. घरी येऊन जावयाला फ्लेक्स बदलायला सांगितला. तो म्हणाला, छापून झालाय, बाबा. मग तो तसाच लागला.

सत्काराला हॉल भरला होता. शाल झाली, हार झाला. फोटोसाठी कुणीतरी अण्णांचे जुने, नाडीचे ग्लोव्ज माळ्यावरून काढून आणले होते, ते त्यांच्या हातात चढवून घट्ट बांधले. फोटो झाले. मग सेक्रेटरी नाडी सोडायला गेले, तर अण्णांनी हात मागे घेतले.

“तुम्ही नको,” म्हणाले, आणि दोन्ही हात पुढच्या रांगेत, माझ्यासमोर आणून धरले.

हॉलमध्ये काही म्हाताऱ्यांना कळलं. एकानं तर खुर्चीवरून उठून बघितलं. बाकीच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गंमत सुचली. मागे फ्लेक्सवर ‘एकही लढत न हरलेला’ आणि पुढे अण्णा हरलेल्या माणसासारखे हात धरून उभे. माझी बोटं आता वाकत नाहीत नीट. मी उजव्यापासून सुरुवात केली.

“दुसऱ्या राउंडला,” अण्णा हळूच म्हणाले. “तुझ्या डोक्यावर. दगड आहे की डोकं?”

“मग बोलला का नाहीत?”

“तेव्हा बोललो असतो तर लोक म्हणाले असते, हरला आणि आता कारण सांगतो.”

म्हणजे तिसरा राउंड अण्णा एका हातानं लढले. आणि तरी मी निसटताच जिंकलो होतो, पॉइंटवर. उत्तर मला पाहिजे तसं आलं, आणि दुसऱ्या अंगानं अजिबात आलं नाही. गाठ सुटली, मी ग्लोव्ज ओढून काढला. आतली बोटं काटकुळी, मधलं हाड अजून खचलेलं.

तेवढ्यात जावयानं माझ्यापुढे माइक धरला. “बाबा, दोन शब्द.”

मी घरून ठरवून आलो होतो, फ्लेक्सवरचं खोटं आहे एवढंच बोलायचं. ते बोललो. ह्यांना मी हरवलंय, म्हटलं. मग माझं तोंड थांबेना. हात कुठे मोडला, तिसरा राउंड कसा झाला, नाडीचा रिवाज काय, सगळं सांगितलं. हे सांगितल्यावर माझ्या वाट्याला किती उरेल ते बघत बसलो नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, “एका हाताच्या माणसाला हरवलं, त्यात काय मोठं?”

“तू लढ की त्या एका हाताशी!” मी म्हटलं. “आणि नाडी आज कुणी सोडली? तू का मी?”

लोक हसले. मला अजून बरंच बोलायचं होतं. पण बाजूला अण्णा तसेच उभे होते, एक हात मोकळा, एक ग्लोव्जमध्ये.

“भाषण पुरे,” ते म्हणाले. “डावा राहिलाय. सोड.”