नानांची गार खोली

नानांना कोणी अडचण सांगितली की ते आधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत आणि मग म्हणत, "उपाय आसता गो. सोधूक होयो." लग्न होऊन मी मालवणात त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा आमच्या विहिरीचा रहाट कुरकुरत होता. नाना न बोलावता आले, रहाटाला तेल पाजलं आणि वर मलाच ऐकवलं की मास्तरीणबाई असून इतकंही सुचू नये? मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आळीतल्या प्रत्येक घरात असं काही ना काही दुरुस्त करून आलेला होता. राग यायचा, पण त्यांच्यावाचून कुणाचं चालतही नसे.

मग त्यांच्या पत्नीला, आमच्या काकींना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण समजायचं. त्यांची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी लावलेली होती. बाजारातून येणाऱ्या बायका तिथे थांबत, पिशवी उघडून बांगडे दाखवत, आणि काकी पडल्या पडल्या ते ताजे की बर्फातले याचा निकाल देत. त्या निकालावर अपील नसे. पण वैशाख लागला. आमच्याकडे घाम येतो आणि वाळतच नाही. काकींच्या पाठीवर घामोळं उठलं, फुटलं, त्याच्या जखमा व्हायला लागल्या. पाठ कोरडी राहिली नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांच्या मुंबईच्या मुलाने कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला एक एसी मिळवला. मुंबईला आंबे उतरवून रिकामा परतणाऱ्या ट्रकमधून तो हायवेवरच्या तळेऱ्यापर्यंत आला आणि तिथून टेंपोत नाना त्याला धरून बसून आले. आळीतला तो पहिलाच एसी. बसवायला जागा एकच होती, काकींची खिडकी. सुताराने गज कापले, यंत्र आत सरकवलं आणि उरलेल्या जागेला फळ्या ठोकल्या.

आता आमची कौलारू घरं वारा खेळावा म्हणूनच बांधलेली. आतल्या भिंती छपराला टेकत नाहीत, कौलांच्या फटींतून हवा ये-जा करते. खालून यंत्र गारवा सोडी आणि वरून समुद्राची ओल खोलीत उतरे. संध्याकाळी गावात दिवे लागले की व्होल्टेज पडे, मग यंत्र नुसतं गुरगुरत राही. नाना हटले नाहीत. त्यांनी होडीचं जुनं शीड आणून कौलांखाली ताणलं, फटींत काथ्या कोंबला, दाराला गोधडी लावली. एसीचा विषय निघाला की ते मालवणी सोडून कचेरीच्या मराठीत शिरत आणि सांगत, "खोलीतील दमटपणा आता आटोक्यात आहे." प्रत्यक्षात चादर हाताला ओलसर लागे आणि भिंतीवर बुरशी धरली होती. तरी जखमा थोड्या सुकल्या, हेही खरं. गारवा जाईल म्हणून दार उघडायला बंदी झाली. बायका पडवीतूनच चौकशी करून जाऊ लागल्या. नाना त्यांना सांगत, "बरी आसा. तिका गार वाटता."

एकदा वाऱ्याने विजेचा खांब पडला आणि दोन दिवस वीज गेली. नाइलाजाने खाट पडवीत आली. बघता बघता बायका जमल्या. काकींनी पेज मागून घेतली, कुणाच्या तरी सुनेची नक्कल केली, तीही अर्ध्या तोंडाने, आणि सगळ्यांना हसवलं. पाठीवर मात्र पुन्हा लाल चट्टे आले. वीज परतली, तशी खाट आत गेली. त्या दुपारी मी त्यांना भरवत होते. यंत्राकडे बघत त्या म्हणाल्या, "गो बाय, ह्या बंद कर. माका माणसा दिसनत नाय."

मी ते नानांना जसंच्या तसं सांगितलं. ते चिडले नाहीत. "तिका आता कळणा नाय," म्हणाले, "पाठ बघलंस तिची?" पाठ मी पाहिली होती.

मे संपत आला होता. एका सकाळी नाना शिडीवर चढून शिडाची सुटलेली कड ठोकत होते. हात चालू होता तसं तोंडही चालू होतं. आता ही वरची वाट बंद झाली, आता बघ कसं थंड होतं, असं काकींना सांगणं चाललं होतं. मी ताकाची वाटी घेऊन आत गेले. काकी गेलेल्या होत्या. नाना वर बोलतच होते. त्यांना खाली उतरायला सांगण्याइतकं कठीण काम माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, नाना, तुम्ही केलंत तेवढं कुणी करत नाही, त्यांच्या जखमाही सुकत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

"तिका गार वाटता, म्हणान मी सगळ्यांका सांगत होतंय," ते म्हणाले. "तिना ता कधी म्हणूकच नाय. आणि मी तिका कधी इचारूक नाय."