मुखवटेवाला आणि आमची कापसाची रानं

मी दहावीत असताना, एका दुपारी वालूरच्या आमच्या घरी टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक जुना विदेशी सिनेमा लागला. पांढरा मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरा. एकेका पोराला गाठून मारत होता. शेवटी एकच पोरगी उरली. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. पोरगी जिना चढत होती, आणि लाइट गेली.

"वाचली का गं ती?" आईनं विचारलं. मला तरी कुठं ठाऊक होतं!

पुढच्या आठवड्यात कापसाची वेचणी सुरू झाली. मीही आईबरोबर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी तिनं सोबतच्या बायांना सिनेमा सांगायला घेतला, आणि लाइट गेली तिथून पुढचं स्वतःच रचू लागली.

"पोरगी तुरीत शिरली. मुखवटेवाला मागं मागं. नुसता चालायलाय, पळत न्हाई."

"का वो, पळत का न्हाई?"

"घाई कशाला त्याला? ती एकटीच हाय की."

ऊन मऊ व्हायचं. हात बोंडांवरून आपोआप फिरायचे. त्या पांढऱ्या रानात कुठंतरी तोही उभा आहे, आमच्याकडं बघतोय, असं मला वाटायचं. भीती वाटायची, पण झोपेत वाटते तशी, लांबची.

आईनं तो पाठलाग लय दिवस लांबवला. वेचणी संपता संपता पोरगी एका कापसाच्या रानात पोचली आणि ओरडली. तिथं वेचणाऱ्या साऱ्या बाया एकदम उभ्या राहिल्या. मुखवटेवाला थबकला. एवढ्या बाया त्यानं एका जागी कधी बघितल्याच नव्हत्या.

त्या दिवशी आमच्यातली एक नवी नवरी वेचताना मागं राहिली होती, तर दोघीजणी न सांगता तिच्या ओळीत शिरल्या. पुढं तशी रीतच पडली. शेवटच्या बाईचं वेचून झाल्याशिवाय कुणी बांध ओलांडत नाही. आजही.

आता मी सोनपेठला शिक्षिका आहे. यंदाच्या हिवाळ्यात तो सिनेमा मोबाईलवर सापडला. सुट्टीत घरी गेले तेव्हा अंगणातल्या उन्हात बसून आम्ही दोघींनी तो पाहिला. पोरगी वाचते. पहाटेच्या रस्त्याकडेला घोंगडी पांघरून बसते. पोलीस लांब उभे राहून आपसात बोलत असतात.

"कुणीच बसलं न्हाई तिच्याजवळ?" आई म्हणाली.

"न्हाई."

"अगं, थरथरायलीय ती."

ताप बघावा तसा आईनं त्या पोरीवर हात ठेवला. बोट लागून चित्र थांबलं. तिनं हात उचलला नाही, आणि मीही सिनेमा पुन्हा सुरू केला नाही.