फाटकासमोर आम्ही दोघंच होतो

हे मी बायकोजवळ कधी बोललो नाही. पक्षातल्या एकाजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल.

तुम्ही माझं नाव कदाचित ऐकलं असेल. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या बायांची युनियन बांधली, मग जिल्हा परिषद, दोनदा आमदारकी, शेवटी कामगार खात्याचं मंत्रिपद. एसटीनं फिरणारा समाजवादी मंत्री म्हणून लोक कौतुक करायचे. प्रत्येक सभेत माझ्याआधी बोलणारा एकच गोष्ट सांगायचा — ट्रकखाली जाणाऱ्या बाईला भाऊंनी ओढून काढलं, कपाळावरची खूण बघा! मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

मी कोणाला ओढलं नाही.

सरकी काढायच्या यंत्रांना झाकणं नव्हती. एका पोरीची बोटं गेली आणि आम्ही संप केला. अकराव्या दिवशी कळलं, मालक कापसाच्या गाठी बाहेर काढणार. मी जाहीर केलं — गाडी जाईल ती माझ्या अंगावरून. बाकीच्या बायांना लांब, कुंपणाच्या सावलीत बसवलं आणि फाटकासमोर, भर उन्हात, मी एकटा बसलो. तेवढ्यात सिंधूबाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली. मेडशीची. नवरा नव्हता, एक लहान मुलगी होती. युनियनची पहिली सभासद तीच.

फाटक उघडलं. ट्रक सुरू झाला. ड्रायव्हर थांबला होता हो — आम्हाला बघून थांबला होता. मग मॅनेजरनं हात हलवला. चल, अशी खूण केली. ती मी पाहिली. पाहिली म्हणून तर पळालो.

सिंधूबाईला हाकही मारली नाही. धुरळ्यातून बाजूच्या भिंतीवर चढलो, पलीकडे पडलो, भिंतीवरची काच कपाळात घुसली. मागे किंकाळी ऐकू आली. परत आलो तेव्हा तिचा उजवा पाय चाकाखालून काढत होते आणि माझ्या तोंडावर रक्त होतं. कोणीतरी ओरडलं, "भाऊनं ओढलं तिले! भाऊ नसते तं गेली असती!"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही.

चार दिवसांत मालक नमला. झाकणं बसली. दवाखान्यात पत्रकारांनी सिंधूबाईला विचारलं तेव्हा मी दाराशी उभा होतो. पाय गुडघ्याखाली कापला होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, भाऊनंच ओढलं."

का? ते पुढे एकदा तिनंच सांगितलं. "तुमी पळाले असं मी सांगतलं असतं, तं बाया दुसऱ्या दिवशी बसल्या असत्या काय?"

इथवर कदाचित तुम्ही मला माफ कराल. माणूस घाबरतो. म्हणूनच पुढचं सांगायला हवं.

वाशिमच्या कोर्टात खटला रेंगाळला. सुनावणी लागली तेव्हा मी मंत्री होतो. मालकाच्या वकिलाचं म्हणणं असं, की मॅनेजरनं काही सांगितलंच नाही, बाई स्वतः घसरून चाकाखाली आली. सिंधूबाईचं लक्ष चाकाकडे होतं, बाकीच्या बाया लांब होत्या. ड्रायव्हर स्वतःच आरोपी; त्याच्याशिवाय मॅनेजरचा हात पाहिलेला माणूस मी एकटा. समन्स आलं. मी रात्रंदिवस एकच प्रश्न ऐकत होतो — त्या क्षणी आपण नेमके कुठे होता? खोटं बोललो तर शपथेवर. खरं बोललो तर? मंत्रिपद, सत्कार, ती गोष्ट, सगळं जाणार होतं.

पहिल्या तारखेला पत्र पाठवलं, कामात आहे. दुसऱ्या तारखेलाही. तिसऱ्या वेळी सरकारी वकिलानं फोन केला, "साहेब, ही शेवटची." मी गेलो नाही. पुराव्याअभावी सगळे सुटले. मॅनेजर निवृत्त होईपर्यंत त्याच फाटकातून आत जात राहिला.

मंत्रिपद गेल्यावर मी अनसिंगला गेलो. सिंधूबाई मुलीकडे राहायची. काठी भिंतीला टेकवून ओसरीवर तूर निवडत होती. चहा झाला. सोयाबीनच्या गोष्टी झाल्या. मग सुपावरची नजर न उचलता तिनं विचारलं, "भाऊ, कोर्टात काहून नाही आले? म्या तिन्ही येळा दारापाशी बसून वाट पाह्यली."

"मुंबईत अधिवेशन होतं," मी म्हणालो.

"असंन," ती म्हणाली, आणि पुन्हा तूर निवडू लागली.

पुढच्या वर्षी ती वारली.

अधिवेशन नव्हतं. शेवटच्या तारखेला मी वाशिममध्येच होतो, विश्रामगृहाच्या खोलीत, दाराला आतून कडी लावून. कोर्ट तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.