खळीच्या कापडावरचे नीळकंठराव

भोपाळमधल्या पिपलानी आणि बरखेड्याच्या कारखाना वसाहतीत साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्या निम्म्या पोरांनी आयुष्याचं पहिलं वर्ष टर्बाइनचे नकाशे अंगावर घालून काढलं, हे आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण ते खरं आहे. तेव्हा नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं काढत. तलम मलमल, आणि तिच्यावर खळीचा गुळगुळीत निळसर थर. नकाशा बाद झाला की कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं फुली मारायची आणि ज्याला हवा त्यानं तो घरी न्यायचा. घरातल्या बाईनं कढत पाण्यात घातला की खळ सुटायची, तिच्याबरोबर शाईही जायची, आणि हाती उरायचं लोण्यासारखं मऊ कापड. त्याची झबली व्हायची.

रत्नप्रभा खांबेटे अशाच झबल्यांत वाढली. तिचे वडील नीळकंठराव कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते, म्हणजे असे नकाशे कापडावर उतरवणारे. सांगलीहून आले ते भोपाळचेच झाले. माणूस अगदी नाकासमोर चालणारा, पण हात असा की त्यांची रेघ बघायला साहेब खुर्ची सोडून यायचे. मुलगी चित्रं काढते म्हटल्यावर ते फार बोलले नाहीत. संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून तिला जुनी निबं आणून दिली.

प्रभा चित्रकार झाली. शाहपुऱ्यातल्या एका संस्थेत मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. घरी आल्यावर लिनोलियमच्या तुकड्यांवर ठसे कोरायची, ते हातानं छापायची, उरलेल्या कागदांच्या वह्या शिवायची. लग्न राहून गेलं. त्याचं तिला फार काही वाटलं नाही, आईला मात्र वाटलं. वडिलांच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, अवधपुरीत तीन खोल्यांचं घर झालं, आणि तिथे दोन वर्षांत नीळकंठराव गेले.

ते गेल्यावर प्रभाच्या लक्षात आलं की बाबांचे फोटो सात-आठ आहेत, आणि सगळ्यांत ते उभे आहेत. हलणारे बाबा कुठेच नाहीत. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की कडुनिंबांच्या सावलीतून सायकलवर येणारे, फाटकाशी एक पाय टेकून उतरणारे बाबा फक्त तिच्या डोळ्यांत होते. आणि डोळ्यांतलं पुसट होत चाललं होतं. याची तिला भीती वाटायची.

म्हणून तिनं ठरवलं, बाबांना चालवायचं. एकामागून एक चित्रं काढून ती जोडायची. सेकंदाला बारा चित्रं, सव्वीस सेकंदांना तीनशे बारा. कापडही बाबांचंच. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा उरलेल्या कोऱ्या गुंडाळ्या त्यांनी मागून आणल्या होत्या, त्या ट्रंकेत होत्या. तीन वर्षं प्रत्येक रविवारी ती बाबांचं निब शाईत बुडवून बसे. चाक किती फिरलं, गुडघा किती वर आला, पिशवी कुठे झुलली. काम करताना तिला कधी कधी सायकलची घंटीही ऐकू यायची. चित्रं एकावर एक नेमकी जुळावीत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिनं लाल पेन्सिलीनं फुली केली होती. फोटो काढायचे ते सगळे एकाच उजेडात, एकदमच, म्हणून एकही काढला नव्हता; झालेली चित्रं ट्रंकेतच ठेवत होती.

त्या मार्चमध्ये शेजारच्या मालतीबाईंना नात झाली. बुधवारी दुपारी प्रभा घरी आली तर गच्चीभर पांढरे चौकोन वाळत होते. ऊन मऊ होतं, वारा होता, सगळे चौकोन हलकेच फुगत होते आणि बसत होते. क्षणभर तिला ते फार सुंदर वाटलं. ती त्यांच्यामधून चालत गेली. मग तिनं एका तुकड्याचा कोपरा हातात घेतला, आणि बोटांना ते ट्रेसिंगचं कापड ओळखू आलं.

आई, शशिकलाबाई, ओले हात पदराला पुसत आल्या. "अगं, ट्रंकेत बाद नकाशांचा केवढा गठ्ठा निघाला. मालतीच्या नातीला झबली होतील."

"आई, ते बाद नव्हते. ते बाबा होते."

"प्रत्येकावर लाल फुली होती गं. चष्म्याशिवाय मला तेवढीच दिसली."

प्रभाला राग आला. आईचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. ट्रेसरची मुलगी असून लाल फुली मारताना आपल्याला काहीच कसं सुचलं नाही? दोन दिवस ती आईशी बोलली नाही. शशिकलाबाईंनी चष्मा लावून एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. कुठे काही उरलं नव्हतं.

वरून घेत गेल्यामुळे तळाची बावीस चित्रं तेवढी वाचली होती. सायकल फाटकाशी येते, बाबा पाय टेकतात, उतरतात. दोन सेकंदही भरत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी शशिकलाबाई ती बावीस चित्रं छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला चित्रातलं काही कळत नाही प्रभे. मला धुणं येतं. काय करू सांग."

प्रभा आईच्या हातांकडे बघत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "धू."

"काय?"

"ही पण धू. एकेक करून. मी सांगते तशी."

परातीत कोमट पाणी घेतलं. वरून कॅमेरा बांधला. शशिकलाबाई उतरलेल्या बाबांपासून उलट्या क्रमानं एकेक चित्र पाण्यात सोडायच्या, तळव्यानं हळूहळू चोळायच्या. रेघा सुटायच्या, पाणी करडं व्हायचं, कापड पांढरं. प्रभा दर दोन-तीन सेकंदांनी फोटो घेत होती. एकच चित्र उरलं तेव्हा शशिकलाबाईंचा हात थांबला. "हे राहू दे का?" प्रभानं मान हलवली. नाही म्हणून.

रविवारी तिनं पडदे ओढले आणि भिंतीवर ते उलटं लावलं, शेवटापासून सुरुवातीकडे. पांढरं कापड. त्याच्यावर दोन म्हातारे हात. हात फिरले तसं करडं पाणी गोळा होत गेलं, त्याच्या रेघा झाल्या, रेघांचं चाक झालं, चाकावर नीळकंठराव आले. पुन्हा पांढरं, पुन्हा हात, आणि नीळकंठराव थोडे पुढे. हातांनी त्यांना बावीस वेळा पाण्यातून वर आणलं. शेवटी ते फाटकाशी उतरून उभे राहिले.

शशिकलाबाईंनी आयुष्यात नवऱ्याच्या टेबलाला हात लावला नव्हता, शाई सांडेल म्हणून.

"हे मी काढलं?"

"हो. तूच."

त्या उठून भिंतीजवळ गेल्या.

"फाटकाशीच काय उभे केलेस त्यांना? आत घे की."

"तेवढी चित्रं नाहीत, आई."

"ट्रंकेत अजून एक गुंडाळी आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "तू काढ. मी धुते."