काटेवाल्या वन्सं आणि दोन शिंगांची गिटार

नणंद म्हणजे पायातला काटा, असं लग्नाआधी मला चार जणींनी सांगितलं होतं. वजनकाट्यांबद्दल मात्र एकीनेही सांगितलं नव्हतं.

आमच्या वन्सं वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातले, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवतात ते, गोदामातले गोण्या चढवायचे, सोनाराचे काचेच्या पेटीतले नाजूक. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान आहे. आधी ते माझ्या सासऱ्यांचं होतं. मुलगा असूनही सासऱ्यांनी दुकान मुलीला दिलं, कारण मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, भाजी पाव किलो कमी भरली तरी कळत नाही. वन्संना पिशवी हातात घेतली की कळतं. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणतात, "तोलून मापून बोलणारा एकही आला नाही."

आणि वन्सं गिटार वाजवतात. विजेवरची. आणि वाजवतात ते हार्ड रॉक.

मला त्यातलं काही कळत नाही. मिक्सरच्या भांड्यात चमचा राहून गेला की जो आवाज होतो, तो कोणी तालात काढला तर कसा लागेल, तसं ते मला लागतं. मी संध्याकाळी जपाला बसते तेव्हा त्या खाली सराव करतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी देवाला म्हटलं, हे थांबव. दुसऱ्या वर्षी म्हटलं, निदान सूर तरी लागू दे. तो लागला. तेव्हापासून माझी काही तक्रार नाही.

त्यांचा बँड तिघांचा. ड्रम वाजवतात ते दातांचे डॉक्टर, आणि बेस वाजवत गातो तो कुरिअरवाला. वर्षातून चार-पाच कार्यक्रम होतात, त्यातला मोठा म्हणजे व्यापारी मंडळाच्या संमेलनातला. सव्वा तास, सलग, उभ्याने. यंदा त्या संमेलनाच्या महिनाभर आधी वन्संचा डावा खांदा धरला. गिटारचा पट्टा त्याच खांद्यावर असतो. हाडांच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला, तो कानापर्यंत पोचेना. डॉक्टर म्हणाले, "या खांद्यावर तीन किलोच्या वर काही टांगायचं नाही."

वन्संनी घरी येऊन गिटार काट्यावर ठेवली. चार किलो साडेपाचशे ग्रॅम.

"सव्वीस वर्षं मी हे धूड गळ्यात घालून फिरतेय," त्या म्हणाल्या. "आणि एकदाही वजन केलं नाही. मी!"

दातांचे डॉक्टर समजूत घालायला आले. म्हणाले, "ताई, खुर्चीवर बसून वाजवा. त्यात काय एवढं?"

"खुर्चीवर तुमचे पेशंट बसतात, तोंड उघडून," वन्सं म्हणाल्या. "बसून करायला वहिनीचा जप आहे. हार्ड रॉक बसून होत नाही, डॉक्टर. उभं राहता येत नसेल तर मी वाजवणारच नाही. दुसरा कोणी बघा."

डॉक्टर हसले, पण मी वन्संचा चेहरा बघितला होता. त्या हे मनापासून बोलत होत्या. ज्या संध्याकाळी खालून आवाज येणार नाही ती संध्याकाळ मला एकदम डोळ्यांसमोर दिसली, आणि खरं सांगते, मला ती आवडली नाही.

मीच म्हटलं, "हलकी गिटार मिळत नाही का?"

"हलक्या गिटारचा आवाजही हलका असतो, वहिनी. जड लाकूड, जड आवाज. सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. वन्संनी पर्समध्ये स्प्रिंगकाटा घेतला होता, वर कडी आणि खाली आकडा असलेला. दुकानदार भला माणूस, पण बोलण्यात घाईचा. "ही एकदम हलकी," तो म्हणाला. मग दुसरी दाखवत, "ही तर फुलासारखी."

वन्संनी फुलाला आकड्याला अडकवलं. तीन किलो नऊशे.

"बाई, ती गिटार आहे, कोबी नाही," दुकानदार म्हणाला.

"कोबी असता तर आत किडका आहे का तेही बघितलं असतं. पुढची द्या."

एकेक करत अकरा गिटारी लटकल्या. मी वजनं सांगत होते आणि दुकानदार घाम पुसत होता. शेवटी कोपऱ्यातून एक काढली. गडद लाल, पातळ अंगाची, कडा घासून गोल केलेल्या, पोटाला टोचणार नाहीत अशा. वरच्या बाजूला दोन टोकदार शिंगं. मला तर ती बघवेना. देवाधर्माच्या घरात शिंगं असलेली वस्तू कशी न्यायची? पण काट्यावर भरली दोन किलो सातशे पन्नास.

"हिचा आवाज पापडासारखा असेल," वन्सं कुरकुरल्या.

दुकानदाराला आता चेव चढला होता. तो म्हणाला, "बाई, तारांच्या खाली हे चुंबक बघा, पिकअप. त्याच्यावर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात. तुमच्या जुनीला एकेक गुंडाळी का दोन-दोन?"

"दोन-दोन."

"हिलाही दोन-दोन. निम्म्याहून जास्त आवाज तिथे ठरतो, आणि उरलेला तुमच्या बोटात."

वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "आता एकदा ही वाजवा आणि एकदा ती मघाची तुमची फुलासारखी. कुठली कधी ते सांगू नका."

दुकानदाराने वाजवलं. शोकेसच्या काचा थरथरल्या, बाहेरून जाणारा एक सायकलवाला थांबला. वन्सं तीनदा ओळखायला गेल्या आणि तीनही वेळा चुकल्या. वळल्या तेव्हा त्यांचं तोंड अगदी लहान मुलीसारखं झालं होतं. लाल गिटार घरी आली. आठवड्याच्या आत बदलून मिळेल, फक्त ओरखडासुद्धा नको, असं दुकानदाराने बजावलं.

दोन दिवस घरात आनंदीआनंद. तिसऱ्या दिवशी खालून येणारा आवाज मला बरा वाटेना. सूर चुकत होते. मला त्यातलं काही कळत नाही म्हटलं, पण इतक्या वर्षांत चुकलेलं तरी कळायला लागलंच. चौथ्या दिवशी सराव मध्येच थांबला. मी चहा घेऊन खाली गेले. वन्सं गिटार मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि डावं मनगट दाबत होत्या.

"खांदा?" मी विचारलं.

"खांदा ठणठणीत आहे. आता मनगट धरलंय. बोटं जागेवर पडतच नाहीत." गिटारवरून हात फिरवत म्हणाल्या, "वहिनी, गिटारचा दोष नाही गं. माझंच वय झालं. दातांच्या डॉक्टरांना सांगून टाकते, दुसरा बघा."

तेवढ्यात दुकानात दवाखान्याचा माणूस आला, बाळांचा काटा घेऊन. वन्सं उठल्या आणि गिटार माझ्या हातात देत म्हणाल्या, "जरा धर. खाली ठेवू नकोस, ओरखडा पडेल."

मी कशी धरणार? पट्टा डोक्यातून घालून उभी राहिले. हातात चहाचा कपही होता. कप ठेवायला दोन्ही हात सोडले मात्र, गिटारचं लांब टोक सर्रकन खाली गेलं आणि टेबलावर आपटलं. चहा सगळा सांडला.

"वन्सं! मोडली बहुतेक!"

त्या धावत आल्या. मोडलं काही नव्हतं. मी म्हटलं, "मी काही केलं नाही हो. नुसते हात सोडले, तर हिचं डोकं धाडकन खाली. एक पारडं जड असल्यासारखं."

वन्संनी टेबल बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "परत सोड."

मी परत सोडले. परत डोकं खाली. "परत." परत तेच. दवाखान्याचा माणूस दारात उभा राहून बघत होता. पट्टा गळ्यात घालून मी हात वर करतेय, खाली करतेय. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

वन्संनी कपाळावर हात मारला. "बाबा असते तर कानाखाली दिली असती! अकरा गिटारींचं वजन केलं आणि एकीचाही तोल बघितला नाही. मी डाव्या हाताने वाजवत नव्हते गं, डाव्या हाताने हिचं डोकं वर उचलून धरत होते. मग बोटं जागेवर पडतील कशी?"

म्हणजे वय झालं नव्हतं. मी मनातल्या मनात हात जोडले. उघड जोडायला एक हात गिटारला धरलेला होता.

पुढचा अर्धा तास मी खांबासारखी उभी आणि वन्सं माझ्या भोवती. गिटारच्या मागच्या टोकाला त्यांनी दोरीने वजनं बांधून बघितली. शंभर ग्रॅम, दोनशे. साडेतीनशेला डोकं खाली जायचं थांबलं.

"झालं की!" मी म्हटलं.

"काय झालं? दोन सातशे पन्नास आणि साडेतीनशे, तीन किलो शंभर. हाडांच्या डॉक्टरांचं माप ओलांडलं. शिवाय पासंग लावून काटा सरळ करतो तो दुकानदार चोर, हे मी लोकांना सांगत फिरते. आणि माझ्याच गळ्यात पासंग?"

पट्टा गिटारला जिथे अडकवतात ती खुंटी त्यांनी अंगठ्याने चाचपली. ती गिटारच्या पाठीवर, लांब दांडी जिथे सुरू होते तिथे होती. तिथून बोट सरकवत सरकवत त्या वरच्या शिंगाच्या टोकापर्यंत गेल्या.

"वजन घालायचंच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लटकायची जागा हलवायची. काट्याला आम्ही तेच करतो."

त्यांनी दोरीचा फास करून शिंगाच्या टोकाला धरला आणि मला हात सोडायला सांगितलं. गिटार आडवीच राहिली. ना खाली, ना वर.

प्रश्न एवढाच होता की शिंगाच्या टोकाला भोक पाडावं लागणार. टोक बोटाएवढं बारीक. तडा गेला की गिटार गेली. वन्संनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "बाई, भोक पाडलंत की परत घेणार नाही हां. उद्या या, जड चालत असेल तर दुसरी देतो."

फोन ठेवल्यावर वन्संनी एकदा जुन्या गिटारकडे बघितलं, एकदा लाल गिटारकडे. मग ड्रिलची पेटी उघडली.

"घट्ट धर. हलू नकोस. आणि डोळे मिटू नकोस."

मी गिटार मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळून धरली. डोळे मिटले नाहीत, पण देवाचं नाव चालूच होतं. ज्या शिंगांना मी नावं ठेवली होती त्यांतलंच एक शाबूत राहावं म्हणून मी देवाला साकडं घालत होते. सोनाराच्या काट्याला लागतं तसलं सुईएवढं टोक ड्रिलला लावून वन्संनी भोक पाडलं, मग जरा जाड, मग आणखी जाड. लाल भुगा माझ्या साडीवर पडत होता. मागची खुंटी काढून तिथे फिरवून बसवताना लाकूड एकदा करकरलं आणि आम्ही दोघींनी श्वास रोखला.

तडा गेला नाही.

दवाखान्याचा माणूस अजून दारातच होता. म्हणाला, "आता बाळांचा काटा बघता का?"

संमेलनाला मी पहिल्या रांगेत बसले होते, कानात कापूस घालून. वन्सं सव्वा तास उभ्या राहिल्या. एका गाण्यात तर त्या चक्क स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावल्या आणि कुरिअरवाल्याला धक्का देऊन आल्या. शेवटचं गाणं संपलं तर लोक "अजून एक" म्हणून ओरडायला लागले. ह्यांनी माझ्या कानातला कापूस काढून विचारलं, "ताईला झेपेल का?" उत्तर द्यायची गरज पडली नाही. तिकडे सुरू झालं होतं.

घरी आल्या आणि मी तेल गरम करून खांद्याला लावायला गेले.

"खांद्याला काही झालेलं नाही," वन्सं म्हणाल्या आणि खुर्चीत धपकन बसल्या. "पाय गेले. सव्वीस वर्षं खांदा आधी बोंबलायचा, त्यामुळे पायांचं कधी कळलंच नाही. बादलीत कडकडीत पाणी दे, आणि मीठ टाक."

मी बादली आणली. त्यांनी पाय बुडवले, हाय हुय केलं, आणि ओल्या हाताने फोन उचलून दातांच्या डॉक्टरांना विचारलं, "पुढचा कार्यक्रम कधी आहे?"