श्रावणातला बर्फ

"मावशी, या फ्रीजरला तुम्हा दोघींशिवाय कोणी हात लावतं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. कोणी नाही."

"आत दुसरं काही ठेवता?"

"नाही."

मी हे म्हटलं तेव्हा माझी सुरमई त्याच फ्रीजरच्या खालच्या खणात होती. चार तुकडे, तीन पिशव्यांत गुंडाळलेले, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. सर उभे होते तिथून दोन हातांवर. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग मीनलकडे वळले आणि म्हणाले, "म्हणजे महिनाभराचे हे आकडे तू बनवलेस."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो ऐकल्याशिवायच गेला. लेकीला नाही. आता का सांगतेय? दमले, एवढंच. वेगळं कारण शोधू नका.

मी चौथी शिकलेली बाई. राहायला मरोळला, कामाला अंधेरीच्या एका कॉलेजात. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची, पुसायची, जागेवर ठेवायची. कंत्राटावर. मीनल तिथे सरांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी काम करत होती. घाटकोपरची पोर, घरचं शुद्ध शाकाहारी. तिचा विषय काय, तर बर्फ. मी म्हटलं होतं, "अगं, बर्फाचं काय शिकायचं? गोळेवाल्याला विचार, तो सांगेल सगळं." ती खूप हसली. मग टेबलावर बसून तिने मला समजावलं. तिथल्या चार वर्षांत कोणी मला काही समजावलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

ती म्हणाली, निव्वळ पाण्याचा बर्फ वीज फारशी जाऊ देत नाही. पाण्याचे कण एकमेकांचे हात घट्ट धरून उभे असतात, फेर धरल्यासारखे. पण त्या फेरात एखादा परका शिरला — मिठाचा अंश, अमोनियाचा वास म्हणावा इतका अंश — की कुठे तरी पकड सुटते, आणि तिथून विजेला वाट मिळते. किती अंशाने किती वाट मिळते, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी आधी अगदी स्वच्छ बर्फ मोजून ठेवायचा. तोच जमत नव्हता.

रोज सकाळी नऊला ती यंत्रातलं खास पाणी तीन वाट्यांत ओतून द्यायची, मी त्या झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवायचे, दुपारी ती तारा जोडून मोजायची. हातमोजे घाला म्हणायची. घालायचे मी. कधी चुकले नाही.

फक्त — त्याच मोज्यांनी मी मासळीची पिशवी आत सारायचे.

संध्याकाळी बाजारात चांगला मासा उरत नाही. म्हणून येतानाच घ्यायचा, मीठ-हळद चोळून फ्रीजरमध्ये टाकायचा, सुटताना न्यायचा. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. मासा बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. रविवारी कॉलेज बंद. राहिले दोन वार.

मीनलचे आकडे याच दोन वारी बिघडायचे. दीड वर्ष. तिने वाट्या बदलल्या, तारा बदलल्या. एकदा कॅलेंडर पुढ्यात घेऊन म्हणाली, "मावशी, लोकांना शनी लागतो, मला बुध लागलाय! शुक्रवारचं काय करू, संतोषीमातेचे उपास धरू?" मी हसले. तेव्हा खरंच मला काही कळलं नव्हतं, एवढं माना. पुढचं मानायची गरज नाही.

मग श्रावण लागला. श्रावण लागला की गणपती गावाला जाईपर्यंत आमच्या घरात मासा येत नाही. आणि बर्फ सुधारला. सगळे वार एकसारखे. मीनल नाचायची बाकी होती. "मावशी, महिना झाला, एक आकडा हलला नाही!" तिने माझ्या तोंडात पेढा कोंबला. पेढा तोंडात होता तेव्हाच मला कळलं. वास, मीठ, बुधवार, शुक्रवार — सगळं एकदम.

सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. पण ते वाक्य बोलले असते तर प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये मासे ठेवते म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. मग गप्प राहून मासे ठेवणं बंद करायचं होतं. तेही केलं नाही. का? मला खात्री करायची होती. चौथी शिकलेल्या मला कळलं ते खरं की खोटं, हे बघायचं होतं. दीड वर्ष तिला जे सापडलं नाही ते मला सापडलं — याची थोडी मिजासही होती. लपवत नाही.

विसर्जनानंतरच्या पहिल्या बुधवारी मी सुरमई घेतली आणि ठेवली. त्याच दुपारी सर आपल्या डोळ्यांनी मोजणी बघायला आले. ते येणार हे मला ठाऊक नव्हतं. पण ते आले तेव्हा डबा अजून आत होता आणि मला तोंड होतं, हेही खरं ना?

तिन्ही वाट्यांचे आकडे वहीतल्यापेक्षा कितीतरी वर गेले. सर म्हणाले, "महिनाभर बरे आले आणि मी बघायला आलो की बिघडले?" मीनलचा आवाज फाटला. ती म्हणाली, "सर, मावशींना विचारा. रोज वाट्या त्याच आत ठेवतात. त्या खोटं नाही बोलणार."

म्हणून सरांनी मला विचारलं होतं.

खालचा खण कोणी उघडला नाही. माझ्या शब्दावर दोघांनीही विश्वास ठेवला. संध्याकाळी मी डबा काढला, घरी नेला, सुरमई तळली आणि खाल्ली. चांगली होती.

मीनलने महिन्याभरात काम सोडलं. सामान न्यायला आली तेव्हा माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी फ्रीजरमध्ये मासा ठेवला नाही, पण तोवर मोजायला कोणी उरलं नव्हतं. मी तिथे आणखी सहा वर्षं भांडी धुतली.

सर वारले. मीनल कुठे आहे मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. कुठे तरी ती अजून विचार करत असेल, आपलं नेमकं काय चुकलं. काहीच चुकलं नव्हतं. तिचे श्रावणातले आकडे खरे होते. त्या बुधवारचेही खरे होते. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, आणि खोटं एकटी मी बोलले. मी, सुमन, भांडी धुणारी, तिची मावशी.